होलिकेचा वर

भाविक सज्जनहो, होळीची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. आत्या होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन अग्नीत बसली, ती जळाली आणि प्रल्हाद नामाने तरला. कीर्तनात येथे टाळ्या पडतात. पण आम्ही आज विचारतो की, "अग्नी मला काही करणार नाही," असे त्या दिवशी म्हणाले कोण? प्रल्हाद नव्हे. ते लेकरू बिचारे आपल्या पायांनी विस्तवात शिरलेच नव्हते. तसे म्हणणारी होलिका होती. तिला आपल्या वराचा भरवसा होता.

आता दिवाळीत आपल्याच अंगणात पाहा. आजोबा नातवाला कडेवर घेतात, त्याच्या इवल्या मुठीत फुलबाजी देतात आणि वर म्हणतात, "अहो, काही होत नाही, पांडुरंग आहे राखायला!" पांडुरंग आहेच. पण हे बोलणे प्रल्हादाचे की होलिकेचे, याचा ज्याचा त्याने विचार करावा. पाणी शंभर अंशांवर उकळते, त्याच्याजवळ आपण पोराला फिरकू देत नाही; फुलबाजीची धग हजार अंशांच्या घरात जाते, ती मात्र खेळणे म्हणून हाती देतो! विझल्यावरही तिची तार तापलेली राहते, आणि अंगणात टाकली की कोणाचा तरी अनवाणी पाय तिच्यावर पडतोच. शेजारी पाण्याची बादली ठेवावी, तार तीत बुडवावी. अगदी लहान लेकरांनी लांबून पाहावे, हाती धरू नये.

देवाच्या दारी तरी अग्नी सबुरीने वागतो का? केरळात कोल्लम जिल्ह्यात परवूर येथे पुट्टिंगल देवीचे मंदिर आहे. तेथे १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे उत्सवाचे दारूकाम चालू असता साठवलेल्या दारूने पेट घेतला. शंभराहून अधिक माणसे गेली. उत्सवाला आलेले भक्तच होते ते. तेव्हा फटाक्यांचा पुडा देवघरात समईशेजारी किंवा चुलीजवळच्या फडताळात ठेवून "देवापाशी आहे" असे समाधान मानू नये.

पोरांची अक्कल तर आणखी पुढे धावते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ व मध्य प्रदेशातील इतर गावांत नळीची 'कार्बाइड बंदूक' मुलांच्या हाती आली. कार्बाइडवर पाणी पडले की वायू सुटतो, ठिणगीने तो पेटतो. बार उशिरा होतो, म्हणून पोर नळीत डोकावते आणि नेमका तेव्हाच उडतो. शंभराहून अधिक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. घरात अशी नळी दिसली तर त्याच दिवशी काढून घ्या, पोर रडले तरी. न उडालेल्या फटाक्याचेही तेच. वाकून फुंकर घालू नये. बराच वेळ थांबून, लांबूनच भरपूर पाणी ओतावे. भुईनळा पेटवताना तोंड त्याच्यावर नेऊ नये, लांब उदबत्तीने पेटवावा नि मागे सरावे. सुतळी बॉम्बविषयी आम्ही काही सांगत नाही. तो न आणलेला बरा.

आयाबहिणींनो, त्या दिवशी नायलॉनची साडी आणि लोंबता पदर नको. कपडा पेटलाच तर पळू नये, वाऱ्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर लोळावे, दुसऱ्याने जाड घोंगडी टाकावी.

भाजले की घरात एकच धावपळ उडते. कोणी तूप आणते, कोणी हळद, कोणी शाई, कोणी दात घासायची पेस्ट. यांतले काहीएक लावू नये, बर्फही नको. नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सतत सोडावे. पोर ओरडेल, तरी धीर धरावा. सूज येण्याआधी बांगडी, अंगठी, पैंजण काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ फडक्याने सैल झाकून दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. डोळ्यात उडाले तर चोळू न देता पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

होळीचे थोडक्यात सांगतो. ती घरे, गंजी आणि विजेच्या तारांपासून दूर रचावी. नीट पेटत नाही म्हणून वरून रॉकेल ओतणारा एखादा शहाणा प्रत्येक आळीत असतो, त्याला आधीच हटकावे. होळीच्या निखाऱ्यांवर अंघोळीचे पाणी तापवण्याची चाल चांगली आहे, पण ते हंडे मोठ्यांनीच उचलावेत. राख वरून गार दिसते, आत इंगळ असतात.

एक गोष्ट खास वारकऱ्यांच्या घरची. दिवाळी सरते नि दिंड्या कार्तिकीला निघतात. तुळशीचे लग्न एकादशीनंतर लागते. तेव्हा घरचे कर्ते पंढरीत असतात आणि माळ्यावरचे उरलेले फटाके पोरांच्या हाती. निघण्याच्या आदल्या दिवशी माळा पाहावा. जे उरले असेल ते रात्रभर बादलीत भिजत घालावे, आणि मग पताका खांद्यावर घ्यावी.