अंगुलिमाल आणि रामन राघव

ऑगस्ट १९६८मध्ये मुंबई पोलिसांनी रामन राघवला पकडलं आणि फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्यांच्या डोक्यात घाव घालणारी खुनांची मालिका थांबली. त्याने कबुलीही दिली. खरा पेच त्यानंतर कोर्टात पडला. पोलीस सर्जनच्या मते तो वेडा नव्हता. बचाव पक्षाचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं. ते कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं.

दंड संहितेचं ८४वं कलम (आता न्याय संहितेचं २२वं) नेमकं इथेच बोट ठेवतं. कृत्य काय आहे, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे ज्याला कळूच शकत नाही, त्याचा तो गुन्हा ठरत नाही. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. पुढे तज्ज्ञांच्या मंडळाने तीव्र स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, १९८७मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५मध्ये कैदेत असतानाच तो ससून रुग्णालयात वारला. फाशी टळली, सुटका मात्र नाही.

मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या अंगुलिमालाची गोष्ट याच्या अगदी उलट. मारलेल्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर बुद्धाच्या भेटीनंतर भिक्खू झाला. त्याला धरायला निघालेल्या राजा पसेनदीने त्याला चीवरात पाहिलं आणि हात जोडले. लोक एवढे उदार नव्हते. भिक्षेला गेलेला अंगुलिमाल दगड खाऊन, डोकं फुटून, पात्र फुटून परतला. बुद्धाने लोकांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचं फळ, सोस, एवढंच सांगितलं.

ही कथा सहसा हृदयपरिवर्तनाची म्हणून सांगतात आणि दगडांचा प्रसंग उरकून टाकतात. खरं तर तोच तिचा गाभा. माणूस बदलला म्हणून मेलेल्यांच्या नातलगांचा हिशेब मिटत नाही आणि तो मिटला नाही म्हणून बदल खोटाही ठरत नाही. न्यायालयाला मात्र एकाच निकालपत्रात दोन्ही बसवावं लागतं.

एप्रिल १९९४मध्ये सत्यनारायण गोयंकांनी तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचं विपश्यना शिबिर घेतलं, ते किरण बेदी तिथल्या प्रमुख असताना. अंगुलिमालाची आठवण तेव्हा अनेकांना झाली असेल. पण हिंसा करणारे बहुतेक लोक मनोरुग्ण नसतात. राग, दारू, लहानपणची मारझोड यांनी घडलेल्या अशा माणसांना दहा दिवसांचं असं मौन-शिबिर काही देऊ शकतं. रामन राघवला त्या शिबिरात बसवणंच धोक्याचं ठरलं असतं. गंभीर मनोविकार असलेल्यांनी येऊ नये, असं विपश्यना केंद्रं स्वतःच सांगतात.