परत आलेला दावा

कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे. तिथले दोघे भाऊ-बहीण. भावाला सगळी वाडी दादा म्हणते. तो खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. धाकटी बहीण कर्जतला कॉलेजात शिकणारी.

दादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी आपला जुना संगणक वाडीसाठी दिला. दादाने सीपीयू मांडीवर घेऊन खोपोलीला लोकल पकडली. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत. तिथून एसटीने कशेळे आणि पुढची चढण पायी. मॉनिटर गोधडीत गुंडाळून बहिणीने डोक्यावरून नेला. पावसाळा तोंडावर होता आणि वाडीला घाई होती.

घाई वनहक्काच्या दाव्यांची होती. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीवर हक्क सांगता येतो. वाडीची माणसं उतारावर नाचणी-वरई पिकवत आली, ती कितीतरी पिढ्यांपासून. पण पिढ्यांचं कसणं कागदावर यावं लागतं. यांच्या घरचा दावा उपविभागीय समितीकडे गेला होता आणि परत आला होता. सोबत इंग्रजाळलेल्या सरकारी मराठीतलं एक पत्र होतं. दादाने पाकिटावरचा शिक्का पाहिला, ‘नाकारला’ म्हणाला आणि फाइल तशीच पत्र्याच्या पेटीत टाकली. आता नवे अर्ज तरी नीट टाइप करून द्यावेत, एवढ्यासाठी संगणक.

संगणकावर लिनक्स होतं, पण अर्ज लिहायला काहीच नव्हतं. वाडीत पावसात नेटवर्क टिकत नाही, त्यामुळे घरबसल्या उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. दादाने कर्जतच्या एका दुकानातून लिबरऑफिस पेनड्राइव्हवर आणलं.

हे लिबरऑफिस कुठून आलं, तेही सांगायला हवं. ओपनऑफिस नावाचा कार्यालयीन प्रोग्रॅम्सचा खुला संच होता, तो सन कंपनीच्या छत्राखाली वाढला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं आणि लिबरऑफिस सुरू केलं. ते कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं, पेनड्राइव्हवरून गावोगाव न्यावं. त्यात चोरी नाही. त्याचे मेनू मराठीतही दिसतात, कारण कुणीतरी बसून ते शब्द मराठीत आणले. वाडीला परवडेल असं आणि वाडीचं होऊ शकेल असं साधन म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं.

दादाने पेनड्राइव्हवरचा गठ्ठा सोडवला. आत ‘डेब्स’ फोल्डर, त्यात चाळीसएक पॅकेजेस. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेली, पॅकेजेस बसवणारी ‘डीपीकेजी’ची आज्ञा त्याने टर्मिनलमध्ये दिली. पडद्यावर इंग्रजी ओळींचा लोंढा आला. दादाने त्यातली एकही वाचली नाही. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तेच. मग कुणाकडून तरी फोनवर ऐकून त्याने जबरदस्तीचा पर्याय जोडला. या वेळी पॅकेजेस आत शिरली खरी, पण सुरू काहीच होईना, आणि मशीन प्रत्येक नव्या कामाला अडून बसू लागलं.

“भंगार दिलंय काकांनी,” दादा म्हणाला आणि रात्रपाळीला निघून गेला.

बहिणीने वही घेतली. पहिली आज्ञा पुन्हा दिली आणि पडद्यावरची ओळ अक्षर न् अक्षर उतरवून घेतली. पॅकेजचं आर्किटेक्चर ‘एएमडी ६४’ आहे आणि मशीनचं ‘आय ३८६’, ही दोन जुळत नाहीत, एवढंच त्या ओळीत होतं. तीच ओळ एकाखाली एक, चाळीस वेळा. मशीन पहिल्या क्षणापासून नेमका अडथळा सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून शोध घेतला. काकांचा संगणक ३२ बिटांचा होता आणि दुकानातला गठ्ठा ६४ बिटांचा. लिबरऑफिसच्या ६.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, फाउंडेशनने लिनक्ससाठी ३२ बिटांचे गठ्ठे बनवणं थांबवलं. मात्र जुन्या आवृत्त्या त्यांनी पुसल्या नाहीत, सगळ्या जपून ठेवल्या आहेत. तिथून तिने ६.२ चा ३२ बिटांचा गठ्ठा घेतला आणि मराठीचा भाषा-पॅक वेगळा घेतला. उतरवलेल्या फाइलची बेरीज-खूण (चेकसम) संकेतस्थळावरच्या खुणेशी ताडून पाहिली. एखादं अक्षर जरी वाटेत बिघडलं तरी ती खूण बदलते.

घरी येऊन तिने आधी दादाने कोंबलेली पॅकेजेस काढून टाकली. मग मूळ गठ्ठा बसवला, आणि तो पुरा झाल्यावरच मराठीचा. ही पॅकेजेस ‘ऑप्ट’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात, हेही तिने वहीत लिहिलं. प्रत्येक पायरी मराठीत, कारण पुढच्या वेळी ती वाडीत नसेल तर कुणालाही करता यावं. संध्याकाळी दादा आला तेव्हा पडद्यावर मराठी मेनू होते.

“काय केलंस गं?”

“वाचलं. ते काय म्हणतंय ते लिहून घेतलं.”

दादा बराच वेळ वही चाळत राहिला. मग उठून त्याने पेटीतून परत आलेल्या दाव्याची फाइल काढली, पत्र उलगडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटपर्यंत वाचलं. ‘नाकारला’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. दाव्याला एकच पुरावा जोडला आहे, आणखी पुरावा जोडून ग्रामसभेच्या ठरावासह फेरसादर करावा, असं होतं. वनहक्काच्या नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. फक्त तो माणूस स्वतः त्या दाव्यातला नसावा.

शेजारच्या आजींना बोलावलं. त्या सांगत गेल्या : लग्न होऊन वाडीत आले तेव्हा तुमचा आजा त्या दळीच्या जमिनीवर नाचणी करत होता, बांधाला आंबा त्यानेच लावला, पलीकडे ओहोळ, अलीकडे आमची वरई. बहीण टाइप करत गेली. आजींनी मध्येच दोनदा थांबवून वाचून दाखवायला लावलं आणि ओहोळाची दिशा दुरुस्त केली. कशेळ्याला प्रिंट काढली, आजींचा अंगठा घेतला, ग्रामसभेत ठराव झाला.

फाइल घेऊन दादा स्वतः कर्जतला गेला. खिडकीवरच्या माणसाने पानं उलटली आणि म्हणाला, “ठरावावर एक सही राहिलीय.” मागे उभा असलेला वाडीतला माणूस कपाळाला हात लावून वळला. दादा जागचा हलला नाही. खिशातून वही काढून त्याने विचारलं, “कोणाची सही, साहेब? कितव्या पानावर?”

उत्तर त्याने लिहून घेतलं. त्याच रात्री सही झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाव्याची पोच घेऊन वाडीत आला.