गोणीमागे अर्धा किलो

केडगावात एका आडतीवर मागच्या दिवाळीपर्यंत डॉस चालत होतं. ते बंद करून तिथं नवं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे आलं. काम झालं, पैसेही मिळाले. पण त्या कामात एक प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही.

आधी ते यंत्र. गाळ्याच्या मागच्या खोलीत, कांद्याच्या टरफलांच्या वासात, पिवळट पडलेला एक पेंटियम. सुरू केला की काळा पडदा, त्यावर सी, कोलन, उलटी तिरकी रेघ आणि लुकलुकणारी खूण. माउस नाही, इंटरनेट नाही. दिवाणजी काका साठी ओलांडलेले. ते पडद्याकडे फारसं बघतच नाहीत. दोन, एंटर, वक्कल नंबर, एंटर, गोण्यांची वजनं एकामागून एक, एंटर, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत तीन प्रतींची पट्टी बाहेर टाकतो. माझ्या कंपनीचं टाइमशीटचं पान उघडेपर्यंत काकांच्या दोन पट्ट्या होतात. हे मी गंमत म्हणून नाही, थोडं लाजून सांगतोय.

माझ्या वयाच्या इंजिनीअरांना डॉस अगदीच अनोळखी नसतं. पहिल्या वर्षाला आम्हाला सी शिकवलं ते टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं ते सॉफ्टवेअर आम्ही डॉसबॉक्समध्ये चालवत होतो आणि दर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पडदा पुसायची आज्ञा का लिहायची, हे कुणी विचारत नव्हतं. स्वस्त लॅपटॉप शोधताना ‘डॉस’ असं लिहिलेलंही बऱ्याच जणांनी पाहिलं असेल; ते फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्ट आता डॉस गुंडाळणार म्हटल्यावर जिम हॉल नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्यानं १९९४ मध्ये ते सुरू केलं, आणि ते अजून जिवंत आहे. मूळ डॉसचा जन्म तर त्याहून साधा. टिम पॅटरसन नावाच्या माणसानं एका छोट्या कंपनीसाठी घाईत लिहिलेली प्रणाली. तिचं पहिलं नावच ‘झटपट आणि कच्ची’ अशा अर्थाचं होतं. मायक्रोसॉफ्टनं ती १९८१ मध्ये विकत घेतली. पुढं त्या कच्च्या मालावर जगभरातल्या बँका, कारखाने आणि आडती उभ्या राहिल्या.

डॉस सांगितलं तेवढंच करतं. एक फाइल पुसायला सांगा, ते विचारत नाही. सगळ्या पुसायला सांगितल्या तर एकदा विचारतं, नक्की का? तेवढीच त्याची काळजी. आजचा फोन आपल्या मनातलं ओळखायला बघतो, शब्द पुरा करतो, चुकला तर चूक अर्धी त्याची. डॉसमध्ये चूक पुरती आपली. मला हे आवडायला लागलं होतं, म्हणजे त्या ओळीपर्यंत.

प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये होता, १९९८ साली लिहिलेला. लिहिणाऱ्यानं त्याचा मजकूरही त्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. ‘टाइप’ म्हणायचं आणि फाइलचं नाव द्यायचं, की सगळ्या ओळी पडद्यावर सरकायला लागतात. कुलूप नाही, पासवर्ड नाही. शेतकऱ्यांची नावं रोमन लिपीत, वीस अक्षरांवर कापलेली. याच केडगावात शंभर वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनी मराठी बायबल छापलं होतं, आणि इथं गावातल्याच माणसाचं आडनाव निम्म्यात तुटलेलं. डॉसवर मराठी येत नव्हती असं नाही. पुण्यातच सी-डॅकनं त्यासाठी जिस्ट कार्ड बनवलं होतं. पण ते वेगळं विकत घ्यावं लागे, आणि आडतीला नावापेक्षा आकड्याशी काम.

आकड्यांच्या भागात ती ओळ होती. देवनागरीत लिहिली तर अशी: धरायचं वजन = इंट(गोणीचं वजन). इंट म्हणजे दशांशानंतरचं सगळं कापून टाक. ५२.७ किलोची गोणी असेल तर ५२ धर. जवळच्या पूर्ण आकड्याला नेणारी ‘राउंड’ ही आज्ञाही फॉक्सप्रोत आहे. ती असती तर ५३ झाले असते, कधी शेतकऱ्याचा फायदा, कधी तोटा, आणि वर्षअखेर हिशोब साधारण बरोबरीत. इंट मात्र कायम खालीच उतरतं. दशांशाचा भाग शून्यापासून जवळपास एकपर्यंत काहीही असू शकतो, तेव्हा सरासरी गोणीमागे अर्धा किलो जातो. ४० गोण्यांना २० किलो. १५ रुपयांचा भाव धरला तर एका पट्टीत ३०० रुपये.

एवढ्याशा कापाकापीनं काय होतं याचा जगप्रसिद्ध दाखला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारानं १९८२ मध्ये १००० वरून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या दशांशापुढचं नुसतं कापलं जात होतं. २२ महिन्यांनी निर्देशांक ५२४ वर आला होता. हिशोब नीट केल्यावर तो निघाला १०९८. बाजार पडलाच नव्हता.

मला वाटलं, चोर सापडला. प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ आता पुण्यात असतात. काकांकडून नंबर घेऊन फोन लावला. त्यांना ती ओळ आठवत होती. ‘अरे बाळा,’ ते म्हणाले, ‘तेव्हा वजनं टाकायचा काटा होता. किलोच्या खाली कुणी मोजतच नव्हतं. आणि छापील पट्टीवर वजनाच्या रकान्यात दशांशाला जागा नव्हती. उद्या कुणी चुकून साडेबावन्न टाकलं, तर छापून येणार बावन्न आणि पैसे होणार साडेबावन्नचे. शेतकऱ्यानं घरी जाऊन गुणाकार केला तर जुळायला नको का?’

म्हणजे ती ओळ प्रामाणिकपणासाठी होती. छापलं तेच मोजायचं.

पुढं इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो ५२.७ दाखवायला लागला. काका प्रामाणिक, काट्यावर दिसेल ते टाकत गेले. फाइलमध्ये जागा होती, कारण उद्या लागलं तर असू द्यावं म्हणून प्रोग्रॅमरनं दोन दशांशांची सोय ठेवली होती. आत ५२.७ साठत गेलं आणि पट्टीवर ५२ येत गेलं. पूर्वी तोलणारा डोळ्यानं अंदाज घेऊन कधी वर, कधी खाली धरायचा. आता अचूक काट्यामुळंच कायम खाली जायला लागलं. जग जास्त अचूक झालं आणि न बदललेली ओळ अन्यायाची झाली. कुणीही काही केलं नाही.

आता सांगा, चूक कुणाची? प्रोग्रॅमर त्याच्या दिवशी बरोबर होता. काटा आणणाऱ्यानं चांगलंच काम केलं. काकांनी खरं तेच टाकलं. राहिले आडतदार, आण्णा. तर आण्णांनी खिशात घातलं म्हणावं, तर व्यापाऱ्याचं बिलही याच धरलेल्या वजनावर बनतं. अर्धा किलो व्यापाऱ्यांत विखरून गेला, कुणाकडे किती तेही त्यांना माहीत नाही. आपल्याकडे ‘नियत साफ असली की झालं’ असं म्हणतात. इथं सगळ्यांचीच नियत साफ आहे, आणि तरी कांदा जातो आहे.

मी अजून एक गोष्ट केली. आमचाही कांदा याच आडतीवर यायचा. फाइल उघडून आजोबांचं कापलेलं नाव शोधलं. एका फेब्रुवारीची पट्टी, ३६ गोण्या. कापलेल्या दशांशांची बेरीज १७.४ किलो, त्या दिवशीचा भाव ६ रुपये. घरी फोन करून वडिलांना सांगितलं, एकशे चार रुपये कमी मिळालेत. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, १०४ रुपये ४० पैसे होतात. सांगताना मीही पैसे कापले होते.

वडील शांतपणे म्हणाले, ‘त्याच वर्षी आजोबांच्या दवाखान्याला आण्णांनी उचल दिली होती. बिनव्याजी. तीपण मांड की तुझ्या त्यात.’

ती मांडायला रकाना नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला वडिलांचं पटलंही आणि नाहीही. उपकार मोजता येत नाहीत म्हणून वजन मोजायचं नाही, असं थोडंच आहे? उलट ज्याला उचल घ्यावी लागते तोच काट्याबद्दल विचारायला कचरतो. आजोबांची नाही, दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर मी एवढा हललो असतो का, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला आणि उत्तर आवडलं नाही. ती ओळ सापडून तेव्हा चार दिवस झाले होते.

चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की वाटेत सुपे येतं. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत एका परिच्छेदात शिकवतात ते हे. माणसांना फारसा हात न लावता कागदच का मागितले? कारण आपलं देणं ज्यात लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, हीच तर तक्रार होती. चार वर्षांनी इंग्रज सरकारनं कायदा केला, त्यात पैसे भरल्याची पावती आणि हिशोबाचा उतारा कुळाला देणं आलं. हिशोब दाखवला पाहिजे, हे इथं इतकं महाग पडून शिकलेलं आहे.

पण दाखवणं म्हणजे काय? डॉसच्या त्या यंत्रात नियम उघडा पडला होता. कुणीही ‘टाइप’ करून वाचू शकला असता. पंचवीसहून जास्त वर्षं कुणी वाचला नाही, कारण वाचू शकणारा माणूस त्या खोलीत आलाच नव्हता. आणि मी जे बसवणार होतो त्यात नियम दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असणार. तिथं तो वाचता तर येणार नाहीच, पण एखाद्या रात्री बदलला तरी गाळ्यावर कुणाला कळणार नाही. जुनी ओळ वाईट होती, पण ती निदान जागची हलत नव्हती. काळ्या पडद्याचं कौतुक करणाऱ्यांना हे सांगायला हवं की त्याचा उघडेपणा वापरायला माणूस लागतो. आणि क्लाउडचं कौतुक करणाऱ्यांना काय सांगायचं, ते त्यांना माहीत आहे. मी त्यांच्यातलाच आहे.

मी आण्णांसमोर सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, ‘मला यातलं काही माहीत नव्हतं. पण उद्यापासून बिल वाढलं की व्यापारी पहिला मलाच विचारणार. तू आहे तसं ठेव ना. तुझं काम काय, जुनं होतं ते नव्यात आणायचं.’

आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. जुन्या प्रणालीचं वागणं जसंच्या तसं नव्यात उतरवणं हे कौशल्य मानलं जातं. त्यात चुकाही उतरवायच्या, कारण त्या चुकांवर कुणी ना कुणी विसंबून असतं. इथं मला अडचण अशी की तसं केलं तरी ते ‘तसंच’ राहणार नव्हतं. १९९८ मध्ये ती ओळ लिहिणाऱ्याला काटा बदलणार हे माहीत नव्हतं. मी तीच ओळ लिहिली तर अक्षर न् अक्षर सारखी दिसेल, यंत्र तेच करेल, शेतकऱ्याला तेवढेच पैसे मिळतील. पण मला माहीत आहे. मग ती जुनी ओळ पुढं चालवणं झालं, की नवी चोरी? परिणाम सारखाच असेल तर फरक फक्त माझ्या डोक्यात आहे का? मला वाटतं, नाही. काकांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मशीन असं धरतं. मला ते म्हणता आलं नसतं. माहीत झालेलं परत माहीत नसलेलं करता येत नाही. फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद खरं तर पुसली जात नाही. तिच्यावर नुसती खूण होते आणि ‘पॅक’ म्हणेपर्यंत ती फाइलमध्ये पडून राहते. माझ्या डोक्यात पॅकची आज्ञा सापडली नाही.

म्हणून मी शूरपणा केला असं समजू नका. मी इंजिनीअर करतात ते केलं: सेटिंग ठेवलं. पूर्ण किलो की दशांशासह, आण्णांनी ठरवावं. सेटिंग ही आमची फार सोयीची पळवाट आहे. निर्णय आपण घेतला नाही असं म्हणता येतं. फक्त प्रत्येक सेटिंगला सुरुवातीला काहीतरी ठेवावंच लागतं, आणि ते ठेवणारा हात माझाच. मी ‘दशांशासह’ ठेवलं. आण्णांनी दुसऱ्या दिवशी ते ‘पूर्ण किलो’ केलं. मी एका गोष्टीवर अडून बसलो: पट्टीवर दोन रकाने छापायचे. काट्याचं वजन आणि धरलेलं वजन. आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, छाप.

पहिल्या बाजाराच्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसलो. जुना पेंटियम खाली टेबलाच्या पायाशी ठेवला होता. काकांचा हात दोनदा तिकडं गेला. पट्ट्या निघत होत्या. शेतकरी खालचा आकडा बघायचे, उचल किती कापली ते बघायचे, चार घड्या घालून खिशात. दहा-बारा गेले. मग पारगावकडचा एक म्हातारा पट्टी डोळ्यांजवळ नेऊन, बोट फिरवत, ओळीनं वाचायला लागला. मागच्यांनी घाई केली, तरी हलला नाही.

‘काट्याचं वजन कळलं,’ तो म्हणाला. ‘हे धरलेलं म्हणजे कोणी धरलेलं?’

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.