एका पावलाने काय होते?



लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश. अलीकडच्या काळात आपल्या देशातील बरीच मुले शिक्षणासाठी त्याची राजधानी रीगा येथे जाऊ लागली आहेत, त्यामुळे हे नाव आता आपल्याकडे अगदीच परके राहिलेले नाही. रीगाहून तुकुम्सच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसले की साधारण तासाभरात केमेरी स्टेशन येते. तिथे उतरून साडेतीन किलोमीटर पायी चालले की केमेरीची मोठी दलदल लागते. दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. तिचा लहान फेरा 1.4 किलोमीटरचा आणि मोठा 3.4 किलोमीटरचा. मोठ्या फेऱ्यावर एक मनोराही आहे. मोटारगाडी नसलेला माणूसही सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकतो. ह्या फळ्यांच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

दलदल म्हटली की आपल्याला खाजण आठवते. परंतु खाजणात भरतीचे खारे पाणी शिरते, तर ह्या दलदलीला फक्त आभाळातून पडणारे पाणी मिळते. त्यात पोषक द्रव्ये जवळजवळ नसतात आणि ते आंबट असते. अशा पाण्यात स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते स्वतःच्या सुक्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. खालचे शेवाळ मरते, पण पाण्यात हवा पोहोचत नसल्यामुळे ते पुरते कुजत नाही. त्याचे थर साचत जातात. ह्या थरांना पीट म्हणतात. हा थर वर्षाला सरासरी एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे माणसाच्या उंचीइतका व्हायला दीड हजारांहून अधिक वर्षे लागतात. तिथली पाइनची झाडे खुरटी असतात. आपल्या खांद्याला लागणारे झाड शंभर वर्षांचे असू शकते. शेवाळात दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पतीही सापडते. तिच्या जातभाई कोकणच्या सड्यांवर आणि कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसतात. ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांना तिथे ओळखीचे कुणीतरी भेटल्यासारखे वाटेल.

आता प्रश्न. फळ्यांवरून उतरू नये अशी तिथे अपेक्षा असते, कारण बुटाखाली दबलेले शेवाळ पूर्ववत व्हायला वर्षे लागतात. पण समजा, आसपास कोणी नाही. चार पावलांवर काळ्याशार पाण्याचे डबके आहे आणि छायाचित्र तिथूनच चांगले येणार आहे. चार पावले टाकली तर एवढ्या विस्तीर्ण दलदलीचे काय बिघडते? खरे उत्तर असे आहे की काहीही बिघडत नाही. हे आधीच कबूल केलेले बरे. आपण मुलांना धाक घालण्यासाठी म्हणतो की एका माणसानेही नुकसान होते. मुलांना मोजता येऊ लागले की त्यांचा त्या धाकावरचा विश्वास उडतो, आणि त्याबरोबर आपल्यावरचाही.

योगायोग असा की ह्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर रीगा येथूनच प्रसिद्ध झाले. इमॅन्युएल कांट हा तत्त्वज्ञ राहत होता कोनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडला. पण त्याचा प्रकाशक हार्टक्नोख रीगाचा होता. 1785 साली त्याने कांटचे नीतिशास्त्राच्या पायाविषयीचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला विचार थोडक्यात असा: मी ज्या नियमाने वागतो आहे, तो सर्वांचा नियम व्हावा असे मला म्हणता येईल का? फळीवरून उतरणाऱ्याचा नियम आहे, 'एकट्याने काही बिघडत नसेल तर उतरावे.' हा नियम प्रत्येकाला लागू पडतो, कारण प्रत्येक जण एकटाच असतो. सर्व उतरले की ज्यासाठी उतरायचे ती दलदलच उरणार नाही.

कोणी म्हणेल, 'पण सर्व उतरत नाहीत ना!' बरोबर, उतरत नाहीत. म्हणूनच त्याला छायाचित्र मिळते. इतरांनी पाळलेल्या संयमावर तो जगतो आहे. तिकीट न काढता गाडीत बसणाऱ्याचा हिशेबही हाच असतो. गाडी त्याच्या एका तिकिटावाचून अडत नाही. ती चालते ती इतरांनी तिकीट काढले म्हणून.

तरीही आमचे पूर्ण समाधान होत नाही. बाल्टिक देशांत शरद ऋतूत दलदलीतून क्रॅनबेरी वेचून आणण्याची जुनी रीत आहे. वेचणारी बाई फळ्यांवरून चालत नाही, तिला चालताच येणार नाही. मग तीही चुकते का? आम्हांला तसे वाटत नाही. तिचा नियम वेगळा आहे: तिला जागा ठाऊक आहे, ती गरजेपुरते घेते आणि पुढच्या वर्षी तिला तिथेच यायचे असते. पाहुण्याला ह्यांतले काहीच लागू नाही. म्हणजे नियम एकच असूनही तो कोण पाळतो आहे ह्याला महत्त्व आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वर सांगितलेला सारा दोष इतर माणसांच्या संबंधातला झाला. शेवाळाचे काय? 1973 मध्ये रिचर्ड रूटली ह्या तत्त्वज्ञाने एक कल्पना मांडली. जगात एकच माणूस उरला आहे, त्याच्यामागे कोणी येणार नाही, आणि तो दिसेल ते सर्व जिवंत नष्ट करत सुटला आहे. कोणाचाही हक्क बुडत नाही. तरी तो चुकतो आहे की नाही? कांटला विचारले असते तर त्याने म्हटले असते की तो स्वतःविषयीचे कर्तव्य मोडतो आहे. 1797 च्या ग्रंथात त्याने निसर्गाच्या नासधुशीबाबत जवळपास असेच म्हटले आहे. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. त्या माणसाला कोणी विचारले, 'बाबा रे, हे का करू नये?' तर 'तुझा स्वभाव बिघडेल म्हणून' हे काही खरे कारण नव्हे. हजारो वर्षे पावसाच्या पाण्यावर एक एक मिलिमीटर वाढलेले हे आहे, हेच कारण पुरेसे आहे. ह्याहून मोठा आधार आम्हांला देता येत नाही, आणि तो लागतो असेही आम्हांला वाटत नाही.

उपयोगाची बाजूही आहे, नाही असे नाही. पीटची जमीन पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे तीन टक्केच आहे, पण जगातल्या सर्व जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन तिच्यात साठलेला आहे. ती कोरडी पडली की तो हवेत जाऊ लागतो. लॅटव्हियातून बागकामासाठी पीट मोठ्या प्रमाणात परदेशी जाते. (आपण कुंड्यांत घालतो ते कोकोपीट नारळाच्या काथ्याचे, नाव ह्याच पीटवरून आलेले आहे, पण त्यासाठी कुठली दलदल खणावी लागत नाही.) केमेरीतही एकेकाळी पीट काढले जाई. 1997 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे पाणी वाहून नेणारे जुने चर बांध घालून अडवण्यात आले. पण उपयोगावरच सारी भिस्त ठेवली, तर उद्या दुसरा मोठा उपयोग सापडला की ही बाजू पडते.

मग गाडीने माणसे आणावीच कशाला, असेही विचारले जाते. पाहिल्याशिवाय प्रेम बसत नाही, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. आम्हांला ते तितकेसे पटत नाही. पाहूनही प्रेम न बसलेल्यांच्या खाऊच्या पिशव्या आपण कुठल्याही सहलीच्या ठिकाणी पाहतो. आमचे कारण साधे आहे. वाट बंद केली तर दलदल फक्त संशोधकांना, अधिकाऱ्यांना आणि ओळखी असलेल्यांना दिसेल. फळीवर सर्वांची जागा सारखीच असते. जास्त पैसे देणाऱ्याला डबक्याच्या अधिक जवळ जाता येत नाही.

ही समानता मात्र पुरी नाही. अरुंद फळीवर चाकाची खुर्ची चालत नाही, आणि साडेतीन किलोमीटरची पायपीट गुडघे दुखणाऱ्याला झेपत नाही. शेजारच्या एस्टोनियात लाहेमा राष्ट्रीय उद्यान आहे, 1971 साली स्थापन झालेले. तिथल्या विरू दलदलीतल्या वाटेचा काही भाग चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाईल इतका रुंद केलेला आहे. रुंद फळीखाली अधिक शेवाळ झाकले जाते, त्याला ऊन मिळत नाही, हे उघड आहे. तेवढे शेवाळ आम्ही देऊ. मनोऱ्यापर्यंत द्यावे की पुढेही, ह्यावर मात्र आमच्यातच एकमत झालेले नाही.