गारवा आपोआप येत नाही

श्रोतेहो, हवामान विभाग जिला उष्णतेची लाट म्हणतो, ती म्हणजे नुसते कडक ऊन नव्हे. एखाद्या ठिकाणचे कमाल तापमान ठरावीक मर्यादा ओलांडून तेथील त्या दिवसांतील सरासरीच्या बरेच वर गेले, की लाट मानली जाते. अशा लाटेतील शनिवारी अकोला-चंद्रपूरकडची घरे दुपारी दारे-खिडक्या लोटून घेतात आणि कूलर सुरू होतो. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत वाफ होऊन उडते, उडताना हवेतील उष्णता शोषते आणि खोलीत गार वारा येतो. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तेथे पाणीच काय, घामही लवकर वाळत नाही.

हे शास्त्र झाले; पण गारवा आपोआप येत नाही. कूलरच्या टाकीत कोणीतरी पाणी भरलेले असते, पन्ह्यासाठी कोणीतरी कैऱ्या उकडलेल्या असतात, आणि सारे घर पहुडलेले असताना स्वयंपाकघरात, जेथे ज्योत विझू नये म्हणून पंखाही बंद ठेवावा लागतो, तेथे बहुधा घरातील स्त्रीच घाम पुसत उभी असते. ही वाटणी न्याय्य नाही. सुट्टी घराची असेल, तर ती तिचीही असली पाहिजे.

गारवा आपोआप येत नाही, हे उंबरठ्याबाहेरही खरे आहे. भर दुपारी मागवलेली वस्तू कोणीतरी उन्हातून दुचाकीवर आणत असतो. म्हणून, श्रोतेहो, आजचा स्वयंपाक ऊन चढण्यापूर्वी सर्वांनी मिळून उरकावा आणि थांबू शकेल ती मागणी संध्याकाळवर टाकावी. तरीही दुपारी कोणी दारी आलाच, तर त्याने मागण्यापूर्वी त्याला पाणी द्यावे.