कागद कोणत्या मोजणीचा

पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला, आदिलाबाद जिल्ह्यात, एक लहानसे गाव होते. गावात तेलुगू चाले, गोंडी चाले आणि बऱ्याच घरांत मराठी चाले. नदीपलीकडे महाराष्ट्र दिसे. त्या गावात एक म्हातारा राहत होता. तरुणपणी मोजणीदारांच्या हाताखाली त्याने कित्येक वर्षे जरीब, म्हणजे जमीन मोजायची साखळी, ओढली होती. कुठल्या बांधाच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड पुरला आहे, हे त्याच्या पायांना पाठ होते. गाव त्याला आबाजी म्हणे.

आबाजीची नात नांदेडला जीवशास्त्र शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. कापूस फुटला होता आणि घरातली सगळी माणसे वेचणीला जात होती. तिने येताना मामेभावाचा जुना कॉम्प्युटर आणला होता. तिच्या बाईंनी सुट्टीसाठी एक काम दिले होते.

काम ऐकायला सोपे होते. बाईंनी तिच्या पेनड्राइव्हमध्ये एका माणसाच्या जिनोमचा छोटासा तुकडा दिला होता. हा माणूस कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नव्हते. जगभरच्या अभ्यासकांसाठी खुली ठेवलेली अशी माहिती असते, त्यातला तो तुकडा होता. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते : अकरावे गुणसूत्र, ५२,४८,२३२. या जागी काय दिसते ते पाहून ये, असे बाई म्हणाल्या होत्या.

माणसाच्या जिनोममध्ये सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात, आणि ती सगळी ए, सी, जी, टी या चारच अक्षरांची असतात. ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. त्यासाठी आयजीव्ही नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये ते तयार झाले, त्याच्यावरचा शोधलेख २०११ साली छापून आला, आणि ते कुणालाही फुकट मिळते. मोबाइलवरचा नकाशा जसा लांबून जिल्हा दाखवतो आणि जवळ गेले की गल्ली दाखवतो, तसे ते लांबून गुणसूत्र दाखवते आणि जवळ गेले की एकेक अक्षर दाखवते.

पोरीने मोबाइलच्या नेटवर सॉफ्टवेअर उतरवायला लावले. रात्री वीज गेली, सकाळी पुन्हा लावले. दुपारी ते उतरले. तिने चालू केले. एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

या सॉफ्टवेअरला चालायला जावा नावाचे दुसरे सॉफ्टवेअर लागते. जावा सोबत असलेली एक प्रत असते आणि नसलेली एक. तिने घाईत दुसरी घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिने पहिली घेतली. तरीही ते उघडेना. मग तिने चालू करण्याची फाइल उघडून वाचली, तेव्हा कळले की त्यात जेवढी मेमरी मागितली आहे तेवढी या जुन्या यंत्रात मुळी नाहीच. तिने तो आकडा खाली आणला. पडदा उघडला. पोर आनंदाने टाळ्या वाजवत अंगणात आली.

अंगणात भिंतीला टेकून एक मुलगा बसला होता. तो गोंडगुड्यातला. वय दहा-अकरा. शाळा नसली की तो आबाजीबरोबर बकऱ्यांमागे जाई. थोडे चालला की बसे. थंडी पडली की गुडघे धरून बसे. पोटऱ्या दुखतात म्हणे. आबाजी वाईट माणूस नव्हता, पण उभे आयुष्य उन्हात चाललेला होता. तो म्हणे, "अंगचोर हाय पोरगं. ह्या वयात आमी दिवसभर जरीब ओढत व्हतो." गावही तेच म्हणे. मुलगा काही बोलत नसे.

संध्याकाळी पोरीने पेनड्राइव्हमधून उतरवून घेतलेली फाइल सॉफ्टवेअरला दिली. सॉफ्टवेअरने ती घेतली नाही. अनुक्रमणिका सापडत नाही, असे ते म्हणाले. बाईंनी दोन फाइली दिल्या होत्या, एक मोठी आणि एक अगदी छोटी. छोटी म्हणजे काहीतरी कचरा असेल असे समजून तिने ती उतरवूनच घेतली नव्हती. जाड ग्रंथाला मागे सूची असते, तशी ती छोटी फाइल होती. कुठल्या जागेची अक्षरे मोठ्या फाइलीत कुठे ठेवली आहेत, एवढेच ती सांगते. पण तिच्यावाचून मोठी फाइल मुकी असते. पोरीने दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. या वेळी सॉफ्टवेअरने फाइल घेतली.

आता फक्त पाहायचे राहिले होते.

सॉफ्टवेअरने विचारले, कोणता संदर्भ जिनोम घ्यायचा? म्हणजे कोणत्या नकाशावर ही माहिती मांडायची? यादीत माणसाचे दोन नकाशे होते. एक २००९ सालचा, एक २०१३ सालचा. पोरीने नवा निवडला. नवा तो चांगला, असे तिला वाटले. कुणालाही वाटले असते.

तिने शोधाच्या चौकटीत जनुकाचे नाव लिहिले. रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे असतो, त्याचा एक भाग घडवणारे ते जनुक. पडदा त्या जागी गेला. तिथे काहीच नव्हते. रिकामे रान.

मग तिने चिठ्ठीवरचा आकडा लिहिला. पडदा तिथे गेला आणि ती दचकली. तिथे माहिती होती, पण सगळी रंगांनी माखलेली. हे सॉफ्टवेअर नकाशाशी जुळणारे अक्षर शांत राखाडी दाखवते आणि न जुळणारे रंगीत दाखवते. इथे बहुतेक अक्षरे रंगीत होती. हिरवे, निळे, तांबडे, नारिंगी. जणू या माणसात धड असे एकही अक्षर नव्हते.

पोरीने सॉफ्टवेअर काढून टाकले आणि पुन्हा बसवले. तेच दिसले. रात्री परत काढले, परत बसवले. तेच. तिने यंत्राला दोष दिला, मामेभावाला दिला, नेटला दिला. शेवटी ती म्हणाली, "हा माणूसच बिघडलेला असेल. फाइलच खराब आहे." आणि डोळे पुसत उंबऱ्यावर येऊन बसली.

आबाजी खाटेवर जागाच होता. "काहून रडून राह्यली वं माय?"

तिने सांगितले. जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. आकडा आहे, नकाशा आहे, पण आकड्याच्या जागी सगळे चुकीचे निघते आणि नावाच्या जागी काहीच निघत नाही.

आबाजी थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "तुह्या बाईचा कागद कोनत्या मोजनीचा हाय?"

"म्हणजे?"

"माह्या बहिनीचं शेत नदीपल्याड. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर व्हता. मंग तिकडं एकत्रीकरन झालं, गट नंबर पडले. भाचा जुना कागद घेऊन गेला अन् त्याच आकड्याच्या गटात जाऊन हुभा राह्यला. शेत दुसऱ्याचं. बांधावर मारामारी व्हता व्हता राह्यली. कागद खोटा नव्हता, माय. नकाशा बी खोटा नव्हता. दोन मोजन्यांचे व्हते."

पोर ऐकत राहिली.

"आपल्या गावाचंच पाह्य," आबाजी म्हणाला. "मी जलमलो तवा निजामाचं राज्य. छप्पन साली किनवट, राजुरा तिकडं गेले, आपून आंध्रात राह्यलो. चौदा साली तेलंगना झालं. सोळा साली जिल्ह्याचेच चार तुकडे पडले. गाव कुठं हाललं? ह्या निंबाखालीच हाय. कागदं हालली."

पोर उठली. तिने कॉम्प्युटर पुन्हा लावला. मोठ्या फाइलीच्या डोक्यावर काही ओळी असतात. ती माहिती कोणत्या नकाशावर मांडली होती, त्याच्या खुणा तिथे लिहिलेल्या असतात. इतके दिवस तिने त्या ओळी वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. नकाशा २००९ सालचा होता.

जुन्या नकाशावर जी जागा ५२,४८,२३२ आहे, तीच जागा नव्या नकाशावर ५२,२७,००२ आहे. मधल्या वर्षांत शास्त्रज्ञांनी नकाशातल्या चुका दुरुस्त केल्या, राहिलेल्या जागा भरल्या, आणि त्यामुळे आकडे सरकले. या एका जागेपुरते बोलायचे तर एकवीस हजार दोनशे तीस अक्षरांनी. माणसाच्या रक्तातली जागा मात्र होती तिथेच होती.

तिने यादीतून जुना नकाशा निवडला आणि तोच आकडा पुन्हा लिहिला.

पडदा शांत झाला. राखाडी पट्ट्या एकाखाली एक, पावसानंतरच्या ढगासारख्या. सगळे जुळत होते. बरोबर मधे फक्त एक उभी रेघ होती. त्या रेघेवर निम्म्या पट्ट्यांत हिरवे अक्षर होते, निम्म्यांत नव्हते.

"आबाजी, या," तिने हाक मारली.

म्हातारा चष्मा लावून आला. तिने रेघेवर बोट ठेवले. "हे एक अक्षर बदललंय. इथं टीच्या जागी ए झालंय. हे जनुक उलट्या बाजूनं वाचतात, म्हणून पुस्तकात एच्या जागी टी असं लिहितात. गोष्ट एकच. याच्यामुळे हिमोग्लोबिन बदलतं आणि रक्ताची गोल पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल म्हणतात तो हाच. या माणसाला आई आणि बाप यांच्यापैकी एकाकडूनच हे अक्षर आलंय, म्हणून निम्म्याच पट्ट्या हिरव्या. हा आजारी नाही, वाहक आहे. दोघांकडून आलं असतं तर आजार झाला असता."

"यवढ्या रानात एकच अक्षर?"

"एकच."

"अन् आधी?"

"आधी सगळा माणूसच चुकीचा दिसत होता."

आबाजी बराच वेळ पडद्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने विचारले, "विळ्यासारख्या पेशी झाल्या मंजे काय व्हते?"

"बारीक शिरांत अडकतात. हाडं दुखतात, सांधे दुखतात. धाप लागते. थंडीत वाढतं, पाणी कमी पडलं की वाढतं. मुलं बसून राहतात."

म्हातारा काही बोलला नाही. बाहेर जाऊन खाटेवर बसला. त्या रात्री त्याची विडी हातातच विझली.

सकाळी मुलगा आला आणि नेहमीसारखा भिंतीला टेकला. आबाजीने आपली घोंगडी त्याच्या पायांवर टाकली. आतून तांब्या भरून आणला. मग नातीला म्हणाला, "तुह्या पेटीत हेचं रगत दिसन का?"

"नाही आबाजी. मी डॉक्टर नाही, आणि ही पेटी त्यासाठी नाही. त्याला एक थेंब रक्त पुरतं."

हे तिने बरोबर सांगितले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतल्या, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी माणसांची तपासणी करायची, असे त्यात ठरले. गोंड, कोलाम यांच्या वस्त्यांत हा आजार जास्त आढळतो, पण तो एकाच जमातीचा नाही; इतर समाजांतही तो आहे. पहिली चाचणी बोटावरच्या थेंबाची असते. द्रावणात थेंब टाकतात, ते गढूळ झाले की पक्क्या तपासणीसाठी रक्त पुढे पाठवतात.

मुलाला तपासणीला न्यायचे ठरले, पण त्याचा बाप वेचणी सोडून येईना. एका दिवसाची मजुरी बुडते, असे तो म्हणाला. ती मजुरी आबाजीने दिली. तिघे एसटीने निघाले. इकडे आरटीसी म्हणतात. मुलगा खिडकीशी बसला होता. आबाजीने वाटेत त्याला दोनदा पाणी प्यायला लावले.

एखादे माणूस आपल्याला पुरते चुकलेले दिसते, तेव्हा आपण त्याच्याकडेच बोट दाखवतो. आपल्या हातात नकाशा कोणता आहे, हे पाहायला विसरतो. पोरीने सॉफ्टवेअर दोनदा उखडले, आबाजीने एका पोराला दोन वर्षे अंगचोर म्हटले. दोघांचेही मोजमाप प्रामाणिक होते. ते फक्त त्या माणसाचे नव्हते. त्यांतला आबाजी मला मोठा वाटतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांवर लावलेला नियम त्याने म्हातारपणी स्वतःच्या बोलण्यावर लावला, आणि कुणाला न सांगता लावला.

तपासणीत द्रावण गढूळ झाले. पक्का निकाल आला तेव्हा कळले, मुलाला आजार आहे आणि त्याचे आईबाप दोघेही वाहक आहेत. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या नियमित घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत अंग झाकायचे आणि ताप आला की घरी थांबायचे नाही, असे सांगितले.

पोर सुट्टी संपवून नांदेडला गेली. वहीत तिने बाईंसाठी एका ओळीचे उत्तर लिहिले होते आणि त्याच्याआधी, सगळ्यात वर, नकाशाचे साल लिहिले होते. मुलगा आता शाळेत जाताना पाण्याची बाटली नेतो. त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली आहे. ती वाहक आहे.