मांजर, ससा आणि मैत्री



आपल्या काळाचौकीच्या चाळींतून मांजर नाही असा मजला विरळाच. उंदीर-घुशींच्या वस्तीत मांजर हवेच. ससा मात्र हौसेचा पाहुणा. मुलांच्या हट्टापायी महात्मा फुले मंडईतून (आपण तिला अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो, ही सवय मोडली पाहिजे) पांढरा ससा पिंजऱ्यातून घरी येतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोघे समोरासमोर उभे राहतात. कधी अनर्थ होतो. पण कधी कधी काही आठवड्यांनी दोघे एकाच गोणपाटावर अंगाला अंग लावून झोपलेले दिसतात. मग शेजारीपाजारी बघायला येतात. कोणी म्हणते, पूर्वजन्मीचे ऋणानुबंध! कोणी म्हणते, मुक्या जनावरांना जे कळते ते माणसांना कळत नाही. तुम्हीसुद्धा आता मागचे सगळे विसरून जा.

ही दोन्ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात. तरीही बौद्धाच्या घरात ती तपासून घेतल्याशिवाय आत घेऊ नयेत.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हे मत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारले आहे. याच मताच्या आधारे आपल्या आजा-पणजांना सांगितले गेले की तुमची अस्पृश्यता हे तुमच्याच पापाचे फळ. जो शब्द आपण स्वतःसाठी उंबऱ्याबाहेर ठेवला, तो मांजरासाठी आत का घ्यावा?

मग मांजर सशाला का मारीत नाही? याचे उत्तर शोधायला मागचा जन्म धुंडाळावा लागत नाही. झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने 1930 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेच हे साल. मांजर उंदराला मारते ते जन्मजात वैरामुळे की आणखी कशामुळे, हे त्याला पाहायचे होते. त्याने पिलांचे वेगवेगळे गट केले. उंदीर मारणाऱ्या मांजरींच्या संगतीत वाढलेल्या 21 पिलांपैकी 18 पिले उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या 20 पिलांपैकी 9 मारू लागली. आणि लहानपणापासून उंदराबरोबरच वाढवलेल्या 18 पिलांपैकी मारणारी निघाली फक्त 3. काही पिलांना त्याने शाकाहारावर वाढवले. त्याने उंदीर खाण्यात फरक पडला, मारण्यात पडला नाही. ताटात काय आहे यावरून माणसाची अहिंसा मोजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. प्रयोगासाठी जिवंत उंदीर मांजरापुढे सोडणे आपल्याला रुचणार नाही, ते खरे. परंतु आकडे बोलतात ते नाकारता येत नाही.

आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. एकटी वाढलेली 9 पिले कोणी न शिकवता मारू लागली. म्हणजे मांजराच्या अंगात शिकार नाही असे नव्हे. पण संगतीने 20 तली 9 ही 21 तली 18 होतात, आणि संगतीनेच 18 तली 3 होतात. स्वभाव म्हणून जे सांगितले जाते, त्यातले केवढे तरी शिकवलेले असते.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. ‘मांजर-ससा नांदतात, तुम्ही का नांदत नाही?’ या प्रश्नात मांजर कोण व ससा कोण हे सांगणारा सांगत नाही. आणि बहुतेक वेळा उपदेश होतो तो सशाला. मांजराला कोणी सांगत नाही की बाबा रे, नखे आत घे. सशालाच सांगतात, विश्वास ठेव, जवळ जा.

पंचतंत्रात नेमकी ही गोष्ट आहे. ससा आणि कपिंजल पक्षी यांचा राहत्या जागेवरून तंटा होतो. न्याय मागायला ते तपस्वी बनून बसलेल्या एका मांजराकडे जातात. मांजर धर्माची वचने सांगते आणि म्हणते, मी म्हातारा झालो, नीट ऐकू येत नाही, जरा जवळ या. दोघे जवळ जातात आणि दोघेही त्याच्या पोटात जातात. गोष्ट सांगणाऱ्याचा रोख असा की दुबळ्याने जन्मजात शत्रूवर विश्वास ठेवू नये. आपण तिच्यातून निराळे काही घेऊ शकतो. त्या मांजराने वैर जाहीर केलेच नव्हते. त्याने धर्म जाहीर केला होता.

आपल्या जातक कथांतला ससा निराळा आहे. सस जातकात ससा, कोल्हा, पाणमांजर आणि माकड असे चौघे मित्र आहेत. त्यांतले दोघे मांस खाणारे. तिथे दान आणि शील म्हणजे काय हे सांगतो तो ससा. मित्र त्याचे ऐकतात. मागच्या जन्माचा पुरावा म्हणून ही कथा वाचू नका, कथा म्हणूनच वाचा; आणि एवढेच पाहा की त्या मैत्रीत दुबळ्याला तोंड आहे.

घरातल्या सशाला तोंड नसते. त्याची भाषा शिकावी लागते. ससा गप्प बसला म्हणजे तो सुखात आहे, असे समजणे ही नेहमीची चूक. भ्यालेला ससा सहसा ओरडत नाही; तो हालचाल थांबवतो, अंग जमिनीला चिकटवतो, कान पाठीवर दाबून घेतो. निर्धास्त ससा मागचे पाय लांब सोडून कुशीवर आडवा होतो. मांजर शेजारी असताना तो असा लोळत असेल तरच मैत्री म्हणा. नुसता बसून असेल तर ते सोसणे आहे.

आपल्याला हे निराळे सांगायला हवे काय? ‘पूर्वी गावात केवढा सलोखा होता’ असे सांगणारे त्याच सोसण्याला सलोखा म्हणतात. आणि मुंबईत तरी काय होते? लालबाग-परळच्या गिरण्यांत एका छपराखाली, एका भोंग्यावर सगळे कामाला लागत. पण विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली होती. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले. पण वर्षानुवर्षे एका छपराखाली राहूनही मैत्री होत नाही, हे आपण त्या छपराखाली शिकलो आहोत.

शिवाय मांजर-सशाचा दाखला माणसांना मुळात लागूच पडत नाही. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच समजावले आहे. झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातीची खूण शरीरावर असते. माणसामाणसांत तशी खूण नाही. मांजर आणि ससा खरोखर दोन जाती आहेत. म्हणून त्यांना एकत्र नांदवायला कष्ट पडतात. ब्राह्मण आणि महार या दोन जाती नव्हेतच, त्या मानलेल्या आहेत. आणि बंधू-भगिनींनो, दीक्षा घेतल्यावरही सोयरीक जुळवताना आपण पोटजात विचारतो, तेव्हा कोणती खूण पाहून विचारतो?

बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसापुरती; मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. ही मैत्री म्हणजे मांजराच्या ठायी असलेला गुण नव्हे. भूक लागली आणि ससा धावला, तर मांजर झेप घेईल. तिला शील नाही, म्हणून तिला दोषही नाही. त्या खोलीत मैत्री करू शकणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे तुम्ही. मांजराचे पोट वेळेवर भरणारे तुम्ही, सशाला लपायला जागा देणारे तुम्ही.

इथे मुले एक अवघड प्रश्न विचारतात. पंचशील घेतले, मग मांजरीला मांदेलीची डोकी का घालायची? उत्तर द्या, टाळू नका. मांजराचे शरीर मांस-मासळीवाचून धड राहत नाही. तिला वरणभातावर ठेवणे ही तिच्यावर हिंसा. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे म्हटले आहे. तत्त्व विचार करायला लावते. मुलांनाही ते करू द्या.

आणि पिंजऱ्याची कडी? दोघांची इतकी गट्टी झाली तर रात्री ती काढून टाकावी काय? 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर आपले तत्त्वज्ञान सांगताना बाबासाहेब म्हणाले होते की स्वातंत्र्य आणि समता यांचा भंग होऊ नये म्हणून कायद्याला जागा आहे, परंतु कायदा ही हमी नव्हे; खरे संरक्षण बंधुतेचे. कडी म्हणजे कायदा. कडीने मैत्री होत नाही, हे खरे. पण ज्याने कधी पंजा सोसला नाही त्याने सशाला ‘आता कडी कशाला?’ असे विचारू नये. कडी कधी काढायची हे सशाच्या झोपेवरून ठरते, मांजराच्या सभ्यतेवरून नव्हे.

तेव्हा घरात अशी जोडी असेल तर मांजर लहान असतानाच दोघांची ओळख करून द्या. पहिले काही आठवडे मध्ये जाळी असू द्या. सशाच्या खोक्याला दोन तोंडे ठेवा, म्हणजे एकीकडून मांजर आली तर दुसरीकडून त्याला निघता येईल. मांजराचे नख खेळताना लागले तरी जखम केसांत दिसत नाही, म्हणून हात फिरवून पाहा. आणि ससा गवत खाईनासा झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात घेऊन जा.